कादंबरी दर वेळी साठाव्या पानाशी बंद पडते : बिघाड कुठे असतो आणि काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. सुरुवात झोकात होते. पहिलं प्रकरण दोन आठवड्यांत हातावेगळं होतं, दुसरंही होतं. तिसऱ्यात गाडी थोडी खोकायला लागते. मग एका रविवारी 'जरा पहिल्यापासून वाचून बघू' म्हणून आपण मागे जातो आणि पुढचे तीन महिने पहिल्याच प्रकरणात घालवतो. तोवर साठेक पानं झालेली असतात. अशात एक नवी कल्पना सुचते. ती जुनीपेक्षा शंभर पट चांगली वाटते. तिचीही साठ पानं होतात.

माझ्या कपाटात अशा चार अर्धवट संहिता आहेत. ६२ पानं, ५८, ७१ आणि एक बिचारी ४० पानांची. पाचवी मात्र शेवटापर्यंत गेली. ११ महिने लागले, ६८ हजार शब्द झाले, आणि खर्डा इतका गचाळ आहे की घरात कोणालाही दाखवलेला नाही. पण तो आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पाचव्या खेपेला माझी प्रतिभा वाढली होती असं काही नाही. बँकेतली नोकरी तीच, लिहायला मिळणारा वेळही तोच, सकाळी साडेपाच ते पावणेसात. फरक एवढाच पडला की दर वेळी गाडी कुठे बंद पडते हे मी एकदाचं नीट पाहिलं.

आधी बिघाड ओळखा

लिखाण थांबलं की सगळ्यांना एकच सल्ला मिळतो : रोज लिहीत जा. बंद पडलेल्या पंपाला 'रोज पाणी दे' म्हणण्यासारखं आहे हे. त्याऐवजी एक साधी तपासणी करा. गेल्या पंधरा बैठकींत तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते कागदावर मांडा. आठवत नसेल तर गूगल डॉक्समध्ये फाईलचा आवृत्ती-इतिहास पाहायला मिळतो. कुठल्या तारखेला कुठला परिच्छेद बदलला ते त्यात रंगवून दाखवलेलं असतं. मी माझ्या तिसऱ्या संहितेचा इतिहास उघडला तेव्हा लाज वाटली. पंधरातल्या अकरा दिवशी मी पहिल्या प्रकरणातच होते, आणि त्यातले दोन दिवस एका वाक्यातलं 'हलकेच' काढून 'हळूच' घालण्यात आणि परत 'हलकेच' करण्यात गेले होते.

तुमचे बहुतेक दिवस मागच्या पानांत जात असतील तर बिघाड दुरुस्तीच्या सवयीचा आहे. फाईल उघडी असते पण वेळ जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, कोणाच्या तरी आठवणी वाचण्यात जातो, तर तो संदर्भाचा बिघाड. फाईल उघडून दहा मिनिटं बघत बसता आणि मिटता, तर पुढे काय घडतं हेच माहीत नाही. आणि फाईल उघडलीच जात नसेल तर बहुधा ती कोणाला तरी वाचायला दिली होती, हो ना? एकापेक्षा जास्त बिघाड असू शकतात, मला चारही होते. पण मुळात दुरुस्तीचा होता, म्हणून त्याच्याबद्दलच जास्त सांगते.

मागे जाऊन नीट करण्याची सवय

माझी कादंबरी १९६१ च्या पुण्यात घडते. नारायण पेठेतला एक वाडा, तळमजल्यावर खिळे (छपाईची सुटी शिशाची अक्षरं) जुळवणीचा छापखाना, वर मालकाचं बिऱ्हाड. छापखान्याचा मालक श्रीधर, त्याची बायको सुधा. आणि १२ जुलैला पानशेतचं धरण फुटतं.

दुसऱ्या प्रकरणात सुधा नवऱ्याला 'अहो' म्हणते. म्हणणारच. त्या काळात, त्या पेठेत, चार बिऱ्हाडांच्या वाड्यात दुसरं काय म्हणेल? नवव्या प्रकरणात पाणी चौकात शिरलेलं आहे, श्रीधर खाली खिळ्यांनी भरलेले लाकडी खण वर चढवायच्या खटपटीत आहे, आणि सुधा जिन्यावरून ओरडते : "अरे श्रीधर, सोड ते! वर ये!"

हे मी लिहिलं तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. हाताने लिहीत होते, घाईत होते, पाणी वर चढत होतं. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची शेवटची ओळ बघताना ते डोळ्यांत खुपलं. चूकच होती ती. १९६१ मधली बायको नवऱ्याला नावाने आणि तेही 'अरे' म्हणून? आधीच्या चार संहितांच्या वेळी मी ते तिथल्या तिथे 'अहो' केलं असतं, मग 'अहो'ला शोभेल असा तिचा स्वर बदलला असता, मग तो अख्खा प्रसंग सभ्य केला असता. या खेपेला मागे हात लावायचा नाही असा नियम घातला होता, म्हणून ती चूक तशीच राहिली.

दोन महिन्यांनी चौदाव्या प्रकरणात मी अडकले. पूर ओसरलाय, वाड्याची मागची भिंत गेली आहे, खिळ्यांत चिखल बसलाय, आणि श्रीधर सुधाशी बोलत नाही. का बोलत नाही? मला माहीत नव्हतं. तो तसा वागत होता आणि मी लिहीत होते. मग एका सकाळी चहा गाळताना ती जिन्यावरची हाक आठवली. अख्ख्या वाड्यासमोर, खिळे जुळवणाऱ्या त्याच्या दोन कंपॉझिटरांसमोर तिने त्याला नावाने हाक मारली होती. जीव वाचवायलाच मारली, पण मारली. त्याला ती ऐकावी लागली, खण टाकून वर यावं लागलं, आणि छापखाना गेला. कादंबरीचा कणा तिथे होता. पूर हा नुसता निमित्त होता.

ते 'अरे' मी वेळेत 'सुधारलं' असतं तर ही कादंबरीही साठ-सत्तर पानांवर मेली असती, असं मला ठाम वाटतं. पहिल्या खर्ड्यातली चूक ही कित्येकदा तुमच्या आधी कादंबरीला कळलेली गोष्ट असते. कुठली चूक तशी आणि कुठली नुसतीच चूक, हे शेवट लिहून होईपर्यंत सांगता येत नाही. म्हणून सगळ्याच राहू द्यायच्या.

म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात हाताला मागे जाऊ द्यायचं नाही यासाठी मी काय केलं ते सांगते.

रोज नवी फाईल. नाव म्हणून फक्त तारीख. कालची फाईल उघडायची नाही. काल कुठे थांबले हे कळावं म्हणून उठताना शेवटची ओळ एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवायची. सगळ्या फायली एकत्र जोडल्या त्या थेट खर्डा संपल्यावर. मी निम्मं हाताने लिहिलं, बँकेतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर, आणि तिथे तर हे आपोआप साधतं : लिहिलेला गठ्ठा रोज खणात पालथा.

आणि ती शेवटची ओळ पूर्ण करायची नाही. वाक्य अर्धवट सोडून उठावं हा सल्ला जुनाच आहे, पण मराठीत तो जास्त चालतो, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. 'श्रीधरने दाराच्या फटीतून आत येणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि हातातला खण' इथे उठायचं. खाली ठेवला? फेकला? घट्ट धरला? दिवसभर बँकेत चेक बघताना ते क्रियापद डोक्यात टोचत राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या पानाची भीती वाटायला वेळच नसतो.

मागचं बदलायलाच हवं असं वाटलं तर एक वेगळी वही. तिच्यावर 'दुसऱ्या खर्ड्यात' असं लिहिलेलं आहे. बदल तिथे नोंदवायचा आणि तो आधीच झालाय असं समजून पुढे लिहायचं. माझ्या श्रीधरला एक धाकटा भाऊ होता. सहाव्या प्रकरणापर्यंत तो रोज पंगतीला बसतो. सातव्यापासून तो नाही. मेला नाही, कुठे गेला नाही. मला तो नको झाला, एवढंच. वहीत एक ओळ आहे : 'दीर काढणे.' खर्ड्यात कोणीही त्याची चौकशी केलेली नाही.

हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत. छापून गेलेलं प्रकरण परत बोलावता येत नाही. पुढे लिहिणं एवढीच वाट उरते. आपल्याला तशी सक्ती करणारा छापखाना नाही, म्हणून ती खोटी खोटी निर्माण करावी लागते.

पात्रांची नावं बदलायचा मोह

हा दुरुस्तीच्याच आजाराचा उपप्रकार, पण मराठीत त्याचा त्रास खास आहे. मधेच वाटतं, सुधापेक्षा मालती बरी. 'सगळीकडे बदला'ची कळ आहेच, दाबली. आता 'सुधारणा'ची झाली 'मालतीरणा' आणि शेजारच्या वसुधाकाकू झाल्या 'वमालतीकाकू'. उलट बाजूने, गोखल्यांचे जोगळेकर करायला जावं तर संगणक फक्त 'गोखले' शोधतो. 'गोखल्यांनी', 'गोखल्यांकडे', 'गोखलीण बाई' तशाच राहतात, आणि एकाच वाड्यात दोन कुटुंबं नांदायला लागतात. आपली सामान्यरूपं त्या कळीला कळत नाहीत.

खर्डा होईपर्यंत नाव बदलू नका. अगदीच राहवत नसेल तर आजपासून नवं नाव वापरा आणि वहीत नोंद करा. नंतर बदलताना नावाच्या आधी जागा सोडून शोधा, आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघून बदला.

संदर्भाचा खड्डा

माझी दुसरी संहिता गिरणी संपावर होती. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्या एका दिवसाचं प्रकरण लिहायला मी दोन महिने कात्रणं गोळा केली. त्या दिवशी किती थंडी होती, पहिल्या पाळीचा भोंगा कितीला, चाळीतल्या नळाला पाणी कधी. दोन महिन्यांनी माझ्याकडे एक जाडजूड फाईल होती आणि प्रकरणाची चार पानं. संदर्भ शोधताना काम केल्याचं समाधान पुरेपूर मिळतं. हीच तर अडचण आहे. लिहिताना ते मिळत नाही.

पानशेतच्या वेळी मी लिहायला बसण्याआधी फक्त तीन आठवडे वाचलं. माझ्या सासऱ्यांनी तो पूर नऊ वर्षांचे असताना पाहिलेला आहे, त्यांच्याशी दोन दुपारी बोलले. पानशेत सकाळी फुटलं, खडकवासल्याचं धरण दुपारी गेलं, धरण रिकामं झाल्यामुळे शहराचा नळाचा पाणीपुरवठा तुटला आणि लोक वाड्यांतल्या विहिरी-हौदांवर आले : एवढा सांगाडा मिळाला आणि मी थांबले. बाकी जिथे अडेल तिथे खूण करायची आणि पुढे जायचं.

खुणेसाठी मी 'ळळळ' वापरते. ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही, आणि तीन ळ एकापुढे एक तर येतच नाहीत, त्यामुळे नंतर शोधायला बरं. (एकदाच फसले. काच फुटल्याचा आवाज मी 'खळळळ' असा लिहिला होता.) मग खर्ड्यात अशी वाक्यं दिसतात : 'सुधाने ळळळ किती रुपयांना मिळणारी रॉकेलची बाटली पुढे केली.' 'ते लकडी पुलाकडून ळळळ हा रस्ता तेव्हा होता का? आले.' वाचायला हास्यास्पद. लिहायला तीन सेकंद.

सर्वांत मोठी ळळळ होती चंद्राची. पुराच्या रात्री वाड्यातली माणसं उंचावरच्या एका नातेवाइकांच्या गच्चीवर बसली आहेत, खाली शहर अंधारात आहे, वीज गेलेली आहे, आणि मी चांगलं दोन पानी चांदणं पाडलं. चिखलावर चमकणारं वगैरे. लिहिताना मनात पाल चुकचुकली की त्या दिवशी तिथी कोणती होती? समोर मोबाइल होता. १९६१ चं पंचांग सापडायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. पण पाच मिनिटं कधीच पाच राहत नाहीत, हे गिरणी संपाने शिकवलं होतं. 'ळळळ चंद्र' असं लिहिलं आणि माणसांना गच्चीवर बसवून पुढे गेले.

पुढे काय घडतं हेच माहीत नाही

इथे लोक आराखडा करायला सांगतात. काहींना तो उपयोगी पडत असेल. मी चौथ्या संहितेचा ३० पानी आराखडा केला होता, आणि तो इतका चांगला झाला की कादंबरी लिहायची गरजच उरली नाही. मला सगळं कळलेलं होतं. ती ४० पानांवर संपली ती हीच.

आता मी एक प्रश्न विचारते : या प्रसंगातल्या माणसाला पुढच्या तासाभरात काय हवंय? आयुष्यात काय हवंय, हा मोठा प्रश्न नको. त्याने काही सुचत नाही. तासाभरात. श्रीधरला लग्नपत्रिकांचं काम आज दुपारपर्यंत संपवायचंय. सुधाला माहेरी पत्र टाकायचंय आणि तिकिटाला पैसे मागायचे नाहीत. दोघं समोरासमोर आले की प्रसंग चालायला लागतो.

तरीही नाही चालला तर तो सोडून द्या. खरंच. खर्ड्यात माझं अकरावं आणि बारावं प्रकरण प्रत्येकी एका ओळीचं आहे. अकरावं : 'इथे छापखान्याचं कर्ज कसं झालं ते येतं.' बारावं : 'सुधाची आई येऊन जाते, काहीतरी बोलते.' मला तेराव्यातला प्रसंग दिसत होता म्हणून मी तो लिहिला. कादंबरी ओळीने लिहिली पाहिजे असं कोणी सांगितलंय? आणि गंमत म्हणजे शेवटी पोचल्यावर अकराव्या प्रकरणाची गरज उरली नाही. कर्जाबद्दल श्रीधर एका ठिकाणी तीन वाक्यं बोलतो, तेवढी पुरली. जे लिहायला इतकं जड जात होतं ते कोणालाच वाचायचं नव्हतं, मलासुद्धा.

भाषा डगमगते

डगमगू द्या. माझ्या खर्ड्यात एका पानावर 'केले, गेले, म्हणाले' आहे आणि पुढच्या पानावर 'केलं, गेलं'. भूतकाळात चाललेलं निवेदन एखाद्या ताणाच्या प्रसंगात आपोआप वर्तमानात सरकतं : 'तो दार उघडतो, बघतो.' संवादात मुळशीकडून आलेला कामगार एका ओळीत 'न्हाई' म्हणतो, दुसऱ्या ओळीत 'नाही'. हे सगळं दुसऱ्या खर्ड्यात एका बैठकीत बघायचं काम आहे आणि तिथे ते सोपंही जातं, कारण तोवर निवेदन कोणाचं आहे हे कळलेलं असतं. निवेदक कोण हे ठरायच्या आधी त्याचे अनुस्वार कसे ठरवणार?

एक गोष्ट मात्र आजच करा : शुद्धलेखन तपासणी बंद करा. बोलीतल्या प्रत्येक शब्दाखाली, प्रत्येक आडनावाखाली लाल रेघ येत असेल तर डोकं दुरुस्तीकडेच वळतं. ती रेघ घालवल्यावर माझा दिवसाचा आकडा शंभर शब्दांनी वाढला.

बोलून टंकण्याचंही मी करून पाहिलं. मराठी बऱ्यापैकी समजते त्याला. पण माझ्याकडे विरामचिन्हं येत नव्हती, संवाद आणि निवेदन एकमेकांत मिसळलं आणि पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात एकटीनेच 'अरे श्रीधर' म्हणून बोलणं घरच्यांना चमत्कारिक वाटलं. चालताना सुचलेला प्रसंग पकडून ठेवायला ठीक आहे, त्यापलीकडे माझं काही जमलं नाही.

रोजचा आकडा

अमेरिकेत १९९९ साली 'नॅनोरायमो' नावाचा उपक्रम सुरू झाला : नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५० हजार शब्द, म्हणजे रोज १,६६७. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण तो आकडा लोकांच्या डोक्यात राहिलाय. मीही एकदा त्याच्या मागे लागले आणि नवव्या दिवशी आडवी झाले. एक तर आपल्याकडे नोव्हेंबरच्या आसपास दिवाळी. दुसरं म्हणजे इंग्रजीचा शब्द आणि मराठीचा शब्द ही एकाच मापाची गोष्ट नाही. 'त्यांच्याकडच्यांनासुद्धा' हा आपला एकच शब्द. इंग्रजीत त्याची अख्खी ओळ होते. ५० हजार मराठी शब्दांत त्यांच्या ५० हजारांपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो.

माझा आकडा रोज ३००. आठवड्याला पाच दिवस. शनिवारी-रविवारी नाही, कारण रविवारीच मागचं वाचायची हुक्की येते. छापील पुस्तकाचं एक पान साधारण तेवढंच भरतं, म्हणजे रोज एक पान. कंटाळवाणा हिशेब आहे. ११ महिन्यांत गणपती, लेकीची परीक्षा आणि बँकेचा मार्चअखेर धरूनही ६८ हजार झाले.

चुकला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. ६०० चं ओझं डोक्यावर घेऊन बसलं की ३०० ही होत नाहीत.

वाचायला देणं

देऊ नका. पहिल्या संहितेची तीन प्रकरणं मी मैत्रिणींना वाचून दाखवली, त्यांना फार आवडली, आणि तिथेच ती संपली. निंदेने माणूस चिडून तरी लिहितो. कौतुकाने चौथं प्रकरण पहिल्या तिनांइतकं चांगलं व्हायला हवं अशी जबाबदारी येऊन पडते, आणि खर्ड्याला कुठलीही जबाबदारी झेपत नाही. घरच्यांना 'लिहितेय' एवढंच सांगा. 'कशावर?' या प्रश्नाला मी 'पावसावर' असं उत्तर ठरवून ठेवलं होतं. त्यावर पुढचा प्रश्न येत नाही.

याशिवाय जे उपाय मी केले आणि जे फुकट गेले : नवी वही, महागाचं लिहायचं सॉफ्टवेअर, आणि लिहिण्यासाठी म्हणून चार दिवस दापोली. तिथे ६०० शब्द झाले. आंबोळ्या उत्तम होत्या.

ती कादंबरीच नसेल तर?

हेही तपासायला हवं, कारण कधी कधी बिघाड नसतोच, यंत्रच दुसरं असतं. शेवटचं पान आत्ता लिहून बघा, जसं जमेल तसं. मग साठावं पान आणि ते शेवटचं पान एकापुढे एक ठेवा. मधे काहीतरी गहाळ आहे असं वाटलं, चीड आली, हे लोक इथून तिथे कसे पोचले असं वाटलं, तर कादंबरी आहे, पुढे चला. दोन्ही पानं अलगद जुळली आणि काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, तर तुमच्याकडे दीर्घकथा आहे आणि ती बहुधा लिहूनही झालेली आहे. माझ्या ५८ पानांच्या संहितेचं तेच निघालं. तिची मी ३५ पानं केली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. त्यांनी घेतली नाही, पण निदान ती पूर्ण आहे.

खर्डा संपला त्या दिवशी

सगळ्या तारखांच्या फायली एकत्र जोडल्या, पाठकोऱ्या कागदांवरच छापल्या आणि गठ्ठा कपाटात वर ठेवला. सहा आठवडे. मग एका सुट्टीच्या दिवशी पेन न घेता सलग वाचला. पेन हातात असलं की पहिल्या पानावरच काकपदं (राहिलेला शब्द घुसवायच्या खुणा) पडायला लागतात आणि आपण परत पहिल्या प्रकरणात. वाचताना कंटाळा आला तिथे पानाचा कोपरा दुमडायचा, एवढंच. ३१ कोपरे दुमडले. त्यातले निम्मे पहिल्या तीन प्रकरणांतले, म्हणजे आधीच्या सवयीने मी महिनोन् महिने जी पानं घासत बसले असते नेमकी ती. तीन प्रकरणांचं आता एक करायचं आहे.

मग 'ळळळ' शोधलं. १४३ निघाल्या. त्यातल्या ६१ ज्या प्रसंगांत होत्या ते प्रसंगच जाणार आहेत. रॉकेलच्या बाटलीचा भाव आता कोणालाच लागणार नाही. उरलेल्यांची यादी केली, रोज दोन-तीन सोडवते.

चंद्राच्या खुणेशी मागच्या मंगळवारी आले. पंचांग बघितलं. १२ जुलै १९६१ ला अमावास्या होती. म्हणजे माझं दोन पानी चांदणं गेलं, आणि ती सगळी माणसं त्या गच्चीवर मिट्ट काळोखात बसली आहेत. कोण आलंय आणि कोण राहिलंय हे कळायला हाका मारण्याशिवाय त्यांच्यापुढे मार्ग नाही. सुधाला तिथे श्रीधर सापडत नाहीये. आता ती त्याला 'अहो' म्हणून हाक मारते की नावाने, एवढ्यावर माझा आठवडा अडलाय.